तितरीची अंघोळीची जागा

माळावर अजून कुणी नांगर घातला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एक तितरी राहायची. बाईसाहेबांना धुळीत अंघोळ करायची, तीही नेमकी तरसाच्या वाटेवर! कारण काय, तर तिथली धूळ मऊ. शेजारच्या बिळातल्या म्हाताऱ्या साळिंदरमावशीनं दहादा बजावलं, पण ऐकेल तर ती तितरी कसली!

एका दुपारी तरसानं तिला तोंडात धरलंच. झाडावरची पाखरं गयावया करायला लागली, "तरसदादा, तुमचं ते गोड हसणं ऐकवा की!" तरसानं नुसती मान हलवली. असल्या लाडीगोडीला भुलून तोंड उघडायला तो काही नवखा नव्हता.

झोपमोड झालेली मावशी चरफडत बिळाबाहेर आली. "कशाला गळे काढताय? ह्याला कुठली जमतेय शिकार! बिबट्यानं टाकलेलं मेलेलं पाखरू उचललंय, झालं."

"मी धरलंय! जिवंत धरलंय!" तरस गरजला, आणि तितरी भुर्रकन उडून बाभळीवर बसली.

"मावशी, तू मला मेलेली म्हणालीस?" तिथूनच ती फणकारली.

मावशीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तितरी पुन्हा त्याच धुळीत हजर! बघते तर काय, मावशी काटे पिंजारून मधोमध पडलेली.

"मावशी, सरक ना जरा!"

"नाही सरकत."

लांबूनच ते काटे बघून तरस माघारी फिरला. तितरी मात्र अजून माळभर सांगत फिरते, म्हातारीनं माझी अंघोळीची जागा बळकावली म्हणून.