घोडा जिथे पाणी प्यायला

उदयगडचं राज्य वाढत होतं, आणि राज्याहून वेगाने वाढत होता महाराज धवलसिंहांचा नकाशा. तोफा नव्या कोऱ्या होत्या. हक्क तेवढे जुने शोधावे लागत. एका शेजाऱ्याचा डोंगर त्यांनी घेतला, कारण तिथे म्हणे आजोबांनी शिकार केली होती. दुसऱ्याचं कुरण घेतलं, कारण शिकारीनंतर आजोबा तिथे झोपले होते.

मग पाळी आली चिमुकल्या काजळपूरची. तिथल्या वकील द्वारकाबाई दरबारात हजर झाल्या, तेव्हा महाराजांनी नकाशावर बोट ठेवलं.

"ही कापशी नदी आमची. आमचे पणजोबा फौज घेऊन तुमच्यावर चालून आले होते, तेव्हा त्यांचा घोडा इथे पाणी प्यायला. तशी शिळा आम्ही नदीकाठी उभारणार. मुकाट्याने कबूल करा, नाहीतर उद्या तोफा बोलतील."

द्वारकाबाईंनी पदर सावरला.

"कबूल, सरकार! आणि एकटा घोडाच कशाला? त्या दिवशी आपली सगळी फौज पाणी प्यायली. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शिळा आम्हीच उभारतो. फक्त मजकूर पूर्ण कोरू: 'येथे काजळपूरकरांनी उदयगडच्या फौजेला पाणी पाजले.'"

दरबारात एका सरदाराला खोकला आला. मग तो सगळ्यांनाच आला. महाराजांनी नकाशा स्वतःच्या हाताने गुंडाळला.

शिळा काही उभी राहिली नाही. उदयगडची फौज मात्र तेव्हापासून कुठेही निघाली, की पाणी घरूनच भरून नेते.