चाळीस ढोल्या आणि कोळिणीचं जाळं

बालमित्रांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक खार राहत असे. जंगल मोठं गोड. सूर्य कितीही वर आला तरी तिथलं धुकं झाडांच्या कुशीतून उठायलाच तयार नसायचं. त्या धुक्यात खारीच्या चाळीस ढोल्या होत्या आणि ढोल्यांमध्ये झाडाझाडाचं बी. पुरात जंगल वाहून गेलं तर पुन्हा उगवावं, म्हणून दर पौर्णिमेला ती प्रत्येक ढोलीतलं गालभर बी टेकडीवरच्या गुहेत नेऊन ठेवी. गुणाचीच होती हो! पण दर खेपेला सगळं पहिल्यापासून नेण्याची खोड तिला भोवली. गुहेत करंजाचे दहा ढीग, बेहड्याचे दहा ढीग, सारे एकसारखे. पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्या उन्हाळ्यात जंगलातलं एकुलतं एक चारोळीचं झाड फळलं आणि वठून गेलं. त्याच झाडावर खार लहानाची मोठी झाली होती. त्याचं बी तिने चाळिसाव्या ढोलीत जपून ठेवलं. पुढची पौर्णिमा यायच्या आधीच एका सकाळी बगळा ओरडत आला, "वर डोंगरात पाऊस कोसळतोय! दुपारपर्यंत नदी काठ सोडेल!" सवयीप्रमाणे खार पहिल्या ढोलीकडे धावली.

"थांब गं बाई!" ढोलीच्या तोंडाशी बसलेली कोळीण कडाडली. "दर महिन्याला आमची चाळीसही जाळी फाडतेस आणि आत मेलं तेच करंज! तुझी फेरी झाली की मी आणि माझ्या लेकी प्रत्येक ढोलीवर नवं जाळं विणतो. जाळं शाबूत असेल तर आत कुणी शिरलेलंच नाही, म्हणजे बी तू गुहेत नेलंस तेच. फाटलं असेल तिथेच जा."

"मग गुहेतलं जुनं बी टाकून देऊ?"

"अगं वेडे, प्रत्येकाचा एक ढीग ठेव, बाकीचे पाखरांना दे. आजचं थोडं नवं बी त्या जुन्याच्याच जोडीला जायचंय."

खारीने मान वर केली. धुक्यात सदतीस जाळी दवाने चमकत होती आणि तीन फाटली होती. त्यातलं एक नुसत्या वाऱ्याने फाटलेलं निघालं, ती खेप फुकट गेली. दुसऱ्या फाटक्या जाळ्याआड मोहाचं नवं बी होतं. तिसरं जाळं चाळिसाव्या ढोलीचं! मोह आणि चारोळी गालांत धरून आणि कोळिणीला लेकींसकट शेपटीवर बसवून ती टेकडी चढली, तेव्हा खाली पाणी मुळांना लागलं होतं.

पूर ओसरला. खाली नुसता चिखल पाहून खार ढसाढसा रडली. मग जुन्या ढिगांतलं आणि नवं, दोन्ही बी तिने एकत्र पेरलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, तशाच धुक्यातल्या एका सकाळी, चारोळीच्या सावलीत एक म्हातारी खार पेंगत होती. कोळिणीच्या नाती तिच्या डोक्यावर जाळं विणत होत्या, आणि या वेळी ते कुणी फाडणार नव्हतं.

तात्पर्य एवढंच : जे बदललं नाही त्याचं ओझं पुन्हा पुन्हा वाहू नये, काय बदललं ते ओळखावं आणि आधी ते जपावं.