एकमताने

"...म्हणजे निवड समितीच्या अहवालावर सही करू की नको, एवढंच सांगा, सर."

डॉ. वैजयंता खिल्लारे यांनी चहाला हातही लावला नव्हता. बाई विद्यापीठाच्या त्र्याऐंशी समित्यांवर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधी होत्या. चौऱ्याऐंशीवी समिती, इतक्या समित्या कशाला, हे शोधायला नेमलेली होती. तीही बाईंच्या सवडीसाठी खोळंबली होती.

त्यांचे गुरू, निवृत्त प्राध्यापक गजभारे, ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. सरांचं मौन मोठं जालीम. एकदा एक विमा एजंट त्या मौनासमोर बसला आणि स्वतःचाच विमा उतरवून गेला म्हणतात.

"मुलाखत कुणाची?" सरांनी विचारलं.

"मंजूषाची. माझ्या हाताखाली घडलीय. तिचा पहिला निबंध सात वेळा तपासला मी. कुणासमोर बोलायचं, कुणासमोर गप्प राहायचं, सगळं शिकवलं."

"मग?"

"आज सकाळी पोरगी सगळ्यांत सरस ठरली. पण ही राखीव जागा यंदाही रिकामी ठेवायची, असं वरून ठरलंय. अहवालात लिहिलंय, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' पाच सह्या झाल्यात. प्रतिनिधीची झाल्याशिवाय कागद हलत नाही."

"आणि झाली तर?"

बाईंनी पदर सारखा केला.

"माझी बढतीची फाइल चार वर्षं अडकलीय, ती सुटेल... मी वर पोचले, तर पुढच्या दहा मंजूषांना हात देता येईल, सर. आज एकीचं नुकसान, पण..."

"अगदी हेच," सर म्हणाले. "मीही अगदी हेच म्हणालो होतो."

ते उठले. कपाटातून एक पिवळा पडलेला कागद आणून त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवला.

तारीख एकवीस वर्षांपूर्वीची. उमेदवार: वैजयंता खिल्लारे. खाली, 'योग्य उमेदवार आढळला नाही. एकमताने.' सहावी सही बाईंनी लगेच ओळखली. ती त्यांच्या प्रबंधावरही होती.

"त्या संध्याकाळी तर... तुम्हीच माझी समजूत काढलीत! म्हणालात, पोरी, तू कुठेही कमी नाहीस."

"नव्हतीसच."

"पुढची दोन वर्षं तासिकेवर राबले मी. तुम्हाला देव मानून!"

"हो."

"आणि तुम्ही?"

"प्राध्यापक झालो. पुढच्याच महिन्यात."

"मग दिलात ना हात? दहा जणांना?"

सरांनी एक बोट वर केलं. ते बाईंकडे रोखलं. मग सावकाश मिटून घेतलं.

शेंगा तशाच पडून राहिल्या.

"मी तुमच्यासारखी नाही," बाई म्हणाल्या. आवाज मात्र चढला नाही.

"अहवाल कुठाय, वैजू?"

बाईंनी गार झालेला चहा जवळ ओढला.

"आणलायस?"

"...दिला."

"सही न करता?"

बाईंनी मान खाली घातली.

सरांनी त्यांच्या मांडीवरचा कागद उचलला, घडी घातली.

"मग इथे काय बसलीस? ऊठ. निकाल लागला असेल एव्हाना. पोरीला आता गुरू लागेल."