बांधीतली दुसरी पंगत

“…अन् मुंगीवर पाय पडला तर मले उपास धरायले लावते तू. अन् आता? कोटी जीव मारले, माय. कोटी.”

“मोजले का?”

“मोजू कसे? डोळ्याले दिसत नाही ते.”

“मग मेलेले कसे दिसले?”

उरकुड्यानं मान झटकली. हरणं त्याच्या घराण्यातच नव्हतं.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, भिवरामायचा मठ होता. मठ कसला, दोन खोल्या, एक पडवी आणि समोर धानाची एकुलती एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर. त्या बांधीचं धान वर्षभर मठात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटात जाई. माय तोंडाची तिखट. लोक तिच्याकडे शहाणपण मागायला येत, बोलणी खाऊन परत जात, आणि चार दिवसांनी पुन्हा पाळीवर दिसत.

उरकुडा मात्र आला तो राहिलाच. घर भावाच्या हवाली केलं आणि मायच्या पायाशी बसला. त्याला एकच गोष्ट यायची, पण ती अशी यायची की पंचक्रोशीत तोड नव्हती. वाढणं. लग्न असो, तेरवी असो, उरकुडा बादली घेऊन पंगतीत उतरला की जाणती माणसं आधीच पत्रावळीवर हात आडवा धरत. तरी तो वाढायचाच. रिकामी पत्रावळ त्याला बघवत नसे.

आणि रिकामी बांधी तर त्याहून नाही.

रोपांची रोवणी झाली त्या दिवशी त्यानं तलावाकडे तोंड करून शपथ घेतली होती, ही बांधी एक दिवसही उघडी पडू देणार नाही. दिली नाहीच. सकाळ-संध्याकाळ पाट सोडायचा. लोक म्हणायचे, “उरकुड्याची बांधी म्हणजे भरली परात.” ते ऐकून त्याची छाती फुगायची. मधे धान पिवळं पडायला लागलं, तेव्हा त्यानं आणखी पाणी सोडलं.

मग पोळ्याला तो बहिणीकडे गेला. आठवड्यानं परत आला तर पाट बंद, बांधीचा बांध, धुरा, फोडलेला, पाणी नाल्याला लागलेलं. बांधीतला चिखल उघडा पडून त्याला केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या.

धुरा फोडणारी माय पडवीत बसून वांगी चिरत होती. त्या दिवशी निंदणाच्या बायांना मठात जेवण होतं.

“उन्हाळ्यात शेतीखात्याच्या माणसानं शाळेत सूक्ष्मदर्शक आणला होता,” उरकुडा म्हणाला. “मी सोता डोळा लावून पाह्यलं. चिमूटभर चिखलात वळवळ होती नुसती. तो म्हणे, एका चिमटीत अख्ख्या जिल्ह्याएवढी वस्ती राहते.”

“खरं बोलला तो.”

“तवापासून मी हात जोडल्याबिगर चिखलात पाय नाही टाकत.”

“तेही पाह्यलं. बगळे हसतात तुले.”

“हस तूही. पण पाण्यातल्या जिवाचं पाणी काढून घेणं पाप आहे का नाही, एवढं सांग. नाहीतर हे पाय निघाले.”

त्यानं खुंटीवरचं गाठोडं खरंच काढलं. घोंगडी, लोटा, मायनं दिलेली तुळशीची माळ. माय सोडून त्याला जगात कुठे जायचं होतं?

मायनं विळी सारली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बांधीत उतरली. मागं वळून पाहिलंही नाही. उरकुडा गेला मागोमाग… चिखलाला हात जोडून.

बांधीचा एक कोपरा खोलगट होता. तिथं पाणी अजून तसंच तुंबून होतं.

“पाय दे इथं.”

त्यानं पाय दिला. गुडगुड करत बुडबुडे वर आले.

“हे कोण बोललं?”

“बुडबुडे आहेत, माय.”

“ढेकर आहेत. उपट ते धान.”

त्यानं एक ठोंब उपटला. मुळं काळीठिक्कर. नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. सडक्या अंड्याचा वास.

“आता हे उपट.”

भेगा पडलेल्या जागेतला ठोंब त्यानं जरा भीतभीतच ओढला. काळ्या मुळांच्या मधून पांढरी, कोवळी, नव्या दातांसारखी मुळं फुटली होती. वास घेतला. नव्या माठातल्या पाण्याचा वास येत होता.

त्यानं पुन्हा घेतला.

“वस्ती दोन जातीची आहे,” माय म्हणाली. “एकीले वारा सोसत नाही. पाण्याखाली बसते, जेवते, ढेकर देते. दुसरीले वारा लागतो. थे रोवणीपासून उपाशी, दारात उभी.”

“अन् पहिली मेली ना?”

“जेवून उठला माणूस, का तू त्याले मेला म्हणतो?”

“मग गेली कुठं?”

“हात धुतले, सावलीत लवंडली. पाणी आलं का येईन परत.”

उरकुड्याला हसू येत होतं. त्यानं ते गिळलं. गाठोडं काखेत घट्ट दाबलं.

“तरी पण माय, भरलेलं रिकामं करणं… मी नाही केलं कधी. मी देत आलो. देणं कधी वाईट असते का?”

माय बांधीतून वर आली.

“जायचं का तुले?”

“हो.”

“जाय मग. पण जेवून जाय. या मठातून उपाशी कोणी गेलं नाही.”

पहिल्या पंगतीत निंदणाच्या निम्म्या बाया आणि उरकुडा बसला, गाठोडं गुडघ्यावर घेऊन. उरलेल्या निम्म्या बाया पडवीच्या खांबांना टेकून आपली पाळी बघत होत्या. पंगतीचा कायदा सगळ्यांना ठाऊक. शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर कोणी उठायचं नाही.

त्या दिवशी वाढायला माय स्वतः उतरली.

भात वाढला, वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली. उरकुडा जेवला. मायनं पुन्हा वाढलं. गुरूच्या हातचं, नाही कसं म्हणणार? तो पुन्हा जेवला. बाकीच्या पत्रावळी चाटूनपुसून झाल्या. माय तिसऱ्यांदा भात घेऊन आली.

“बस, माय.”

“बस कायले? रिकामी पत्रावळ तुले बघवत नाही ना?”

खांबाजवळून एक बाई ओरडली, “उरकुडा भाऊ, उठू दे गा पंगत. आमच्या पोटात बैल हंबरून राह्यले.”

“थो काय उठते,” दुसरी म्हणाली. “माझ्या लग्नात यानंच माझ्या मामाले इतकं वाढलं, का मामा वरात सोडून झोपला.”

पडवी हसली. मायनं वाढलं.

उरकुड्याच्या कपाळावर घाम आला. धोतराची गाठ त्यानं हळूच सैल केली. पुढचा भात आला तसा त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. मायनं हाताच्या बाजूनं वाढलं. त्यानं दोन्ही हात धरले. मायनं बोटांवरच भात ठेवला, त्यावर वरणाची धार सोडली.

“माय… बस. बस ना व. पोटात वाऱ्याले जागा नाही राह्यली.”

बोलला आणि त्याचं त्यालाच काहीतरी ऐकू आलं. तो थांबला. समोर बांधी उन्हात उघडी पडली होती. भेगांवरून वारा जात होता, आणि धान, त्याला आत्ता दिसलं, शेंड्याकडून हिरवं होत होतं.

उरकुडा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, भातानं माखलेले दोन्ही हात पत्रावळीवर तसेच धरून. खांबाजवळच्या बाया हसल्या. गुडघ्यावरचं गाठोडं घसरून मागं पडलं. त्यानं ते उचललं नाही.

माय रिकामी बादली घेऊन त्याच्यासमोर उभी होती. तिनं त्याच्या आडव्या हातांकडे बघितलं, मग बांधीकडे.

“बांधीले हात नसतात, उरकुडा.”