नाकेदाराचं शस्त्र

राजाचा हुकूम सुटला, "एकही शस्त्र राज्याबाहेर जाता कामा नये!" दसऱ्याच्या दिवशी सगुणा लोहारीण विळ्यांनी भरलेली गाडी घेऊन सीमेवर आली. पलीकडे भात कापणीला आलं होतं. नाकेदार धोंडोपंत गरजले, "काल खंडेनवमीला हे विळे पुजलेस ना? पुजलं ते शस्त्र! गाडी जप्त!"

तेवढ्यात वाजंत्री झडली आणि पंत गावासोबत सीमोल्लंघनाला निघाले, कानावर लेखणी खोचून. ते सीमेपलीकडे पाऊल टाकणार, तोच सगुणा ओरडली, "थांबा पंत! काल तुम्हीही लेखणी पुजलीत. शस्त्र घेऊन राज्याबाहेर कुठं निघालात?"

अख्खं गाव खो खो हसलं. पंतांचा पाय हवेतच राहिला. लेखणी चाचपत ते पुटपुटले, "आधी हिची गाडी सोडा रे!"