टोलाच्या घड्याळावरचा आळ

अगं, ऐक तरी काय झालं! आटपाट सोसायटी होती. तिथे आगाश्यांच्या भिंतीवर टोलांचं घड्याळ होतं. रविवारी बारसं होतं आणि लंडनची आत्या अकराला व्हिडिओ कॉलवरून बाळाच्या कानात नाव सांगणार होती. अकराचे टोल पडले, पाळणा सजला, पण आत्या येईचना! बाळ रडून रडून झोपलं, तेव्हा कुठे बाराला बाईसाहेब उगवल्या.

"मी वेळेवरच आलेय! इथे साडेसहा, म्हणजे तुमच्याकडे अकरा!"

"मग हे मेलं घड्याळच पुढे पळालंय," आजोबा कडाडले.

घड्याळाचा लंबक थरथरला. "मी कशाला पळू? थंडी आली म्हणून लंडनवाल्यांनीच रात्रीतून काटे तासभर मागे घेतले; आता तिथले साडेसहा म्हणजे इथले बारा! मोबाइलराव, तुम्हाला ठाऊक आहे ना? सांगा की!"

आपला बाराचा आकडा आत्याच्या चेहऱ्याआड लपवून मोबाइल म्हणाला, "ठाऊक आहे, पण मला विचारलं कुणी?"

आजोबांनी स्टुलावर चढून काटा मागे ओढलासुद्धा! आता घड्याळाने एकतर खोटे टोल द्यायचे, नाहीतर बंद पडून भंगारात जायचं. तूच सांग, त्याच्या जागी तू काय केलं असतंस?