भागोजीने तारा विझू दिला नाही

टेकडीखालच्या एका गावात एक भोळा भागोजी होता. भोळा म्हणजे इतका, की "जरा बस" म्हटलं की तो जराच बसायचा आणि उठून उभा राहायचा. सांगितलेलं काम मात्र जीव लावून करायचा. सांगणाऱ्याने बेताने सांगावं, एवढीच अट होती. ती गावात कुणालाच जमत नव्हती.

या गावात एक आकाशदर्शन मंडळ होतं. मंडळाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सल्लागार तर पायलीचे पन्नास. आकाशाकडे बघणारं तेवढं कुणी नव्हतं. टेकडीवर थंडी फार, आणि अध्यक्ष ढवळीकर सरांना थंडी बाधायची. सर निवृत्त हेडमास्तर. कानाला मफलर गुंडाळून ते घरात बसूनच सगळं विश्व चालवत.

त्या हिवाळ्यात आकाशात एक नवा तारा दिसू लागला. असले तारे एकाएकी भडकतात आणि मग हळूहळू विझत जातात. शहरातल्या खगोलसंस्थेने गावोगावच्या मंडळांना कळवलं, की रोज दिवेलागणीला हा तारा बघा आणि किती उजळ दिसतो ते आम्हाला सांगा. ज्यांचं निरीक्षण सगळ्यांत चांगलं, त्यांना दुर्बीण बक्षीस.

सरांनी भागोजीला बोलावलं. "तू रोज टेकडीवर जायचं, तारा बघायचा आणि मला येऊन सांगायचं. दुर्बीण आली की पहिला डोळा तुझा."

भागोजी हरखला. दुर्बिणीतून चंद्रावरचे खड्डे दिसतात असं त्याने ऐकलं होतं. त्याच्या दारापुढच्या रस्त्यातही खड्डे होते, पण चंद्रावरचे बघायची त्याला फार हौस. त्या हौसेपायी तो धावतच टेकडीवर गेला आणि धावतच परत आला.

"सर, तारा लई उजळ हाय!"

"लई म्हणजे किती?"

"लईच!"

"अरे, असं नुसतं लई म्हणून चालत नाही. एक त्याच्याहून उजळ तारा धरायचा, एक त्याच्याहून फिका धरायचा. आपला दोघांच्या मधे कुठे बसतो ते सांगायचं. कुणी काही विचारलं की असंच उत्तर द्यायचं."

"बरं सर."

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी तो जेवायला बसला. काकूंनी प्रेमाने भरीत वाढलं. "कसं झालंय रे, भागोजी?"

भागोजीने नीट विचार केला. "शेजारच्या गोदाक्काच्या भरितापेक्षा फिकं हाय काकू. पर एष्टी स्टँडावरच्या खानावळीपेक्षा बरं हाय. मधे बसतंय."

काकूंनी ताट उचललं. सरांचंही उचललं.

सर उपाशीपोटी ओरडले, "मूर्खा! बायकांनी असं विचारलं की तुलना करायची नसते. डोळे मिटायचे आणि म्हणायचं, फक्कड!"

"बरं सर. आता तसंच करतो."

त्या संध्याकाळी सरांनी विचारलं, "काय, तारा कसा आहे?"

भागोजीने डोळे मिटले. "फक्कड!"

"अरे, पण दिसला का?"

"डोळं मिटल्यावर कसा दिसंल?"

सरांनी कपाळावर हात मारला. "आता तो मंद होत चाललाय रे! डोळे मिटून काय बघतोस? मंद तारा थेट रोखून बघितला तर दिसत नाही. नजर जराशी बाजूला ठेवायची. तिरकं बघायचं. मग दिसतो."

"बरं सर. आता तिरकंच बघतो."

आणि नेमका त्याच आठवड्यात भागोजीला मुलगी बघायला जायचं होतं. त्याला आईवडील नव्हते, म्हणून वडीलधारे म्हणून सरच गेले. शेवंता नावाची मुलगी, चांगली नाकीडोळी नीटस. ती पोहे घेऊन आली आणि वीज गेली. घरच्यांनी कंदील लावून ठेवला. भागोजीने नजर बाजूच्या भिंतीवर लावली आणि ती तिथून हलवलीच नाही.

मुलीच्या बापाने सरांना हळूच विचारलं, "पोरगं चकणं हाय का?"

"न्हाई मामा," भागोजीच म्हणाला. "तुमची पोरगी थेट बघितल्यावर दिसत न्हाई. अशी अंधुक असली की तिरकं बघाया लागतं."

पोहे तिथेच राहिले. चपला घालायलाही कुणी वेळ दिला नाही. खरं सांगायचं तर शेवंता पदराआड हसत होती आणि तिला हा वेडा आवडलाही होता. पण बाप काठी शोधत होता.

वाटेत सर धापा टाकत म्हणाले, "गाढवा! अंधुक दिसत होतं तर वात वर करा म्हणायचं! तेल नसेल तर तेल घालायचं! पण तिरकं बघून पाहुण्यांची शोभा करायची नाही!"

"बरं सर. आता अंधुक दिसलं की तेल घालतो."

सर घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले, एवढ्यात संस्थेचा निरोप आला. निरीक्षणं बघायला शहरातून डॉक्टर सबनीसबाई स्वतः येणार, सोबत दुर्बीणही आणणार. सर खूश झाले, मग लगेच घाबरले. "भागोजी, बाई येईपर्यंत तारा विझला तर दाखवायचं काय? आपली अब्रू जाईल. काय वाटेल ते कर, पण तारा विझू देऊ नकोस!"

"बरं सर."

दुसऱ्या दिवसापासून गंमत झाली. सगळ्या गावांचा तारा विझत चालला आणि याच गावचा उजळत चालला. सरांना तो घरातून, बंद खिडकीच्या काचेतूनसुद्धा दिसू लागला. टेकडीच्या बरोब्बर माथ्यावर. त्यांनी तसं मोठ्या ऐटीत कळवलं. संस्थेने विचारलं, "बाकी कुणालाच कसा दिसत नाही?" सरांनी उलट कळवलं, "बघायला नजर लागते."

बाई आल्या. शाळेच्या मैदानात मांडव पडला, गाव लोटलं. पहिला हार कुणी घालायचा यावरून उपाध्यक्ष आणि सल्लागारांची जुंपली. ते भांडेपर्यंत बाईंनी दुर्बीण उभी केली आणि टेकडीकडे रोखली. मग भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"ढवळीकर सर," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या ताऱ्याला काच आहे."

"ऐका! ऐका!" सर गर्दीकडे वळून म्हणाले. "नवा शोध!"

टाळ्या पडल्या.

"काचेला काजळी आहे. खाली कळकाची काठी आहे."

टाळ्या जरा कमी पडल्या. तेवढ्यात वारा सुटला. तारा फडफडला, तांबडा झाला आणि मिणमिणू लागला. गर्दीत ओरडा झाला, "विझला! विझला!"

मागच्या रांगेतून भागोजी उठला. त्याच्या हातात घासलेटची बाटली होती.

"बाई, घाबरू नगा," तो म्हणाला. "हारांच्या गडबडीत तेल घालायचं राह्यलं. मी आत्ता घालून येतो. तवर सरांचं भाषण होऊ द्या."

आणि तो धावत टेकडी चढू लागला.

सरांचं भाषण झालं नाही. दुर्बीण पेटीत गेली, पेटी जीपमध्ये गेली, जीप शहराला गेली. उपाध्यक्ष आणि सल्लागार आपण या मंडळात कधीच नव्हतो असं एकमेकांना सांगत घरी गेले.

भागोजी घामाघूम होऊन खाली आला, तेव्हा रिकाम्या मांडवात सर एकटे बसले होते. मफलर गळून पडला होता, थंडी वाजत होती. टेकडीवर तारा झगमगत होता.

"सर, वात बी वर केली! आता बघा, कसा दिसतोय?"

सरांनी टेकडीकडे बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

"फक्कड," ते म्हणाले.